महालक्ष्म्यांसाठी केमो पुढे ढकलू का?

पत्राचा सारांश : वय ४७, राहणार नागपूर. डाव्या स्तनात गाठ निघाली, तपासणीत कॅन्सर ठरला. आधी केमो आणि मग ऑपरेशन असं डॉक्टरांनी सांगितलं आहे. एकूण आठ केमो, पैकी पहिल्या चार ‘लाल’ औषधाच्या, दर २१ दिवसांनी. पहिली होऊन दोन आठवडे झाले. चार दिवस उलट्या झाल्या, पाणीसुद्धा टिकेना. मुलगा बारावीला आहे, त्याला ऐकू जाऊ नये म्हणून बाथरूमचा नळ सोडून उलट्या केल्या. डॉक्टरांना मात्र ‘ठीक होतं’ एवढंच सांगितलं, कारण रडगाणं गायलं तर ते औषध कमी करतील अशी भीती. शेजारीण म्हणते, उलट्या होतात म्हणजे औषध लागू पडून राहिलं. जाऊबाईंच्या बहिणीला केमोत काहीच त्रास झाला नव्हता. सासूबाईंनी ताटवाटी वेगळी केली आहे. दोन दिवसांपासून उशीवर केस दिसू लागलेत. दुसरी केमो पुढच्या बुधवारी, आणि त्यानंतर नवव्या दिवशी, शुक्रवारी, घरी महालक्ष्म्यांचं जेवण. पन्नासेक पानं. स्वयंपाक दरवर्षी या ताईंच्याच हातचा. सवाष्णीच्या दिवशी बोडकं डोकं दिसायला नको, असं सासूबाईंचं म्हणणं. ‘केमो महालक्ष्म्या झाल्यावर घेतली तर काय बिघडतं? दहा-बारा दिवसांचाच तर प्रश्न आहे.’

ताई, नमस्कार.

आधी उत्तर देऊन टाकते, कारण बुधवार जवळ आला आहे. स्वतःच्या मनाने केमो पुढे ढकलू नका. तारीख हलवायची तर ती डॉक्टर हलवतील, आणि तीही तुम्ही पहिल्या केमोत काय झालं ते खरं खरं सांगितल्यावर. मी डॉक्टर नाही. कॅन्सरच्या पेशंटशी आणि त्यांच्या घरच्यांशी बोलणं हे माझं काम. त्यामुळे औषध कोणतं आणि किती, याबाबत तुमच्या फाइलमध्ये लिहिलंय तेच खरं. तुम्ही काही गोष्टी मनाशी धरून बसला आहात, मी बोलणार आहे ते त्यांच्याबद्दल.

तुमचा प्रश्न महालक्ष्म्यांचा आहे, पण पत्र वाचताना मी अडखळले ती ‘ठीक होतं’पाशी. चार दिवस पोटात पाणी ठरलं नाही आणि डॉक्टरांच्या कागदावर ‘त्रास नाही’ अशी नोंद गेली. आता बुधवारी ते काय करतील? मागच्या वेळी दिली तीच उलटीची औषधं, त्याच मात्रेत पुन्हा देतील. त्यांना दुसरं काही करायचं कारणच उरलेलं नाही. पहिल्या केमोच्या वेळी उलटीचं औषध अंदाजाने दिलेलं असतं, कारण हे शरीर त्या औषधाला कसं घेईल हे कोणालाच माहीत नसतं. दुसऱ्या वेळेपर्यंत ते माहीत झालेलं असतं, पण फक्त तुम्हाला.

सांगितलं तर केमोच कमी करतील, ही तुमची भीती मी बऱ्याच बायकांकडून ऐकते. होतं उलटंच. त्रास सांगितला की सहसा आधी उलटी थांबवणाऱ्या औषधांमध्ये फेरफार होतो. ऑन्डान्सेट्रॉन आणि डेक्सामेथासोन तुम्हाला बहुधा मिळालं असेल. त्याच्या जोडीला अ‍ॅप्रेपिटंट आहे, ओलान्झापिन आहे, तिसऱ्या दिवशी डे-केअरमध्ये बोलावून सलाईन लावता येतं. (ओलान्झापिन लिहून दिलं तर दुकानदाराच्या किंवा मोबाइलच्या सांगण्यावरून घाबरू नका. ते मानसिक आजारातही देतात हे खरं, पण केमोच्या मळमळीवर ते थोड्या मात्रेत, बहुतेक वेळा रात्री देतात आणि चांगलं काम करतं. झोप येते, एवढं धरून चाला.) मूळ केमोची मात्रा कमी करण्याचा विचार त्यानंतरचा, आणि तोही त्रास फारच गंभीर असेल तर.

उलट्या लपवायच्या नाहीत याचं आणखी एक कारण आहे. सुरुवातीच्या केमोत उलट्या आटोक्यात आल्या नाहीत तर काही जणींच्या मनात ते पक्कं बसतं. मग पुढच्या वेळी औषध चढायच्या आधीच, वॉर्डच्या वासाने, कधी तर हॉस्पिटलचं गेट दिसताच मळमळायला लागतं. ही सवय एकदा लागली की औषधांनाही जुमानत नाही. तुमच्या अजून सात केमो बाकी आहेत, त्यामुळे दुसरी नीट जाणं फार महत्त्वाचं.

आता शेजारणीचं म्हणणं. उलटीचा आणि गाठीचा काही संबंध नाही. केमोमुळे आतड्यातून आणि रक्तातून मेंदूतल्या उलटीच्या केंद्राला निरोप जातात, म्हणून उलटी होते. गाठीवर औषध चालतंय की नाही हे डॉक्टर गाठ हाताने तपासून आणि सोनोग्राफी वगैरे करून ठरवतात. आधी केमो घेण्याचा एक फायदाच हा की गाठ जागेवर असते, ती लहान होताना मोजता येते. उलट्या थांबल्या म्हणून औषध वाया गेलं असं होत नाही.

आणि जाऊबाईंच्या बहिणीचा हिशेब तुमच्याशी लावू नका. केमो हे एका औषधाचं नाव नाही. तुम्हाला सुरू असलेलं लाल औषध आणि त्याच्या जोडीचं औषध हे उलट्यांच्या बाबतीत सगळ्यात त्रासदायक गटात मोडतं. तुमच्या पुढच्या चार केमोंमध्ये पॅक्लिटॅक्सेल असेल तर उलट्या पुष्कळ कमी होतील, तिथे त्रास हातापायांच्या मुंग्यांचा आणि अंगदुखीचा. शिवाय ज्यांना बस लागते, ज्यांना गरोदरपणात उलट्यांनी हैराण केलं होतं, ज्या वयाने लहान आहेत, त्यांना केमोतही उलट्या जास्त होतात. यातलं तुम्हाला काही लागू असेल तर डॉक्टरांना सांगा. ते ऐकायला किरकोळ वाटतं, पण औषध ठरवताना उपयोगी पडतं.

लाल औषधाबद्दल थोडं विषय सोडून बोलते, कारण त्या रंगाची धास्ती मी खूप पाहिली आहे. सिस्टरने ती लाल सिरिंज आणली की बाई डोळे मिटून घेते. तो लाल रंग मातीतल्या एका जिवाणूचा आहे. इटलीतल्या एका जुन्या किल्ल्याजवळच्या मातीत तो सापडला आणि मुळातच लालभडक रंगद्रव्य तयार करणारा निघाला, त्याच्यापासून हे औषध आलं. दुसऱ्या दिवशीपर्यंत लघवी लालसर होते, ती त्याच रंगाने, रक्ताने नाही. घाबरायचं एकाच गोष्टीला : औषध चढताना सुईपाशी जळजळ झाली, टोचल्यासारखं वाटलं, सूज आली, तर त्याच क्षणी सिस्टरला हाक मारा. हे औषध शिरेबाहेर गेलं तर कातडीला इजा करतं. तिथेही ‘जरा सहन करते’ नको.

आता तारखेचं. दर २१ दिवसांनी केमो कशासाठी? औषधाने रक्तातल्या पांढऱ्या पेशी खाली येतात, त्यांना पुन्हा वर यायला साधारण तेवढा वेळ लागतो. म्हणून प्रत्येक केमोआधी सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी करतात. अंतर वाढवलं तर शरीराला आराम मिळतो, पण तो गाठीतल्या पेशींनाही मिळतो. इटलीतल्या बोनाडोना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये स्तनाच्या कॅन्सरच्या केमोचा २० वर्षांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला. ठरलेल्या मात्रेच्या ८५ टक्के किंवा जास्त औषध ज्यांना मिळालं त्यांना चांगला फायदा झाला, ६५ टक्क्यांच्या खाली राहिलेल्यांना जवळजवळ नाहीच. ती औषधं तुमच्यापेक्षा वेगळी होती आणि ती केमो ऑपरेशननंतरची होती, तेव्हा एका तारखेवरून लगेच घाबरून जाऊ नका. पण ठरलेलं औषध ठरलेल्या वेळी पूर्ण घेण्यावर डॉक्टर एवढा जोर का देतात, ते यातून कळतं. एखाद-दोन दिवसांची हलवाहलव डॉक्टर करतात, कधी सुट्टी असते, कधी खाट नसते. तुम्ही मागताय ते दहा-बारा दिवस.

तरी तुमच्या बाजूने विचार करून पाहू. वेळेवर घेतली तर जेवणाचा शुक्रवार केमोनंतर नववा-दहावा दिवस. पांढऱ्या पेशी सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या आसपास सगळ्यात खाली असतात. म्हणजे नेमक्या त्या दिवशी घरात पन्नास माणसं, दोन-चार जण सर्दी-खोकल्याचे, भाद्रपदातला डेंग्यू-व्हायरल चालू. आठवडाभर पुढे ढकलली तर जेवण केमोनंतर दुसऱ्या दिवशी, म्हणजे ऐन उलट्यांत. फोडणीचा वासही सहन होणार नाही. राहिला एकच मार्ग, पूर्ण दहा-बारा दिवस ढकलायची. त्यात तुम्हाला ताकद असेल, पुरणही घालाल, हे मी नाकारत नाही. पण केस? ते तरी येणार नाहीत. केस पहिल्या केमोच्या औषधाने जातात, दोन-तीन आठवड्यांनी, आणि ते तर सुरू झालंय. ज्यासाठी एवढं करायचं त्यातलं अर्धं कारण दुसऱ्या केमोच्या हातातच नाही.

म्हणून मला वाटतं, केमो वेळेवर घ्या आणि महालक्ष्म्यांमधलं तुमचं काम बदला. महालक्ष्म्या घरी बसतीलच. आवाहनाला मुखवटे आणताना तुम्ही दारात उभ्या राहा, पूजनाच्या दिवशी सकाळी लवकर, माणसं यायच्या आत, ओटी भरा, नमस्कार करा आणि आतल्या खोलीत जा. आंबील, कथली, सोळा भाज्या, पडवळाची कढी, फुलोरा हे सगळं जाऊबाई, नणंदा आणि एखादी स्वयंपाकवाली मावशी मिळून करतील. मीठ कमी पडेल, पुरण सैल होईल, होऊ द्या. पन्नासाच्या ऐवजी घरची पंधरा पानं झाली तर अजून चांगलं. एक वर्ष जेवण जाऊबाईंकडे हलवता येत असेल तर ते सगळ्यात उत्तम, पण काही घरांत जागा बदलत नाहीत, तिथे वाद घालत बसण्यात अर्थ नाही.

हे सासूबाईंना तुम्ही एकटीने सांगू नका. तुमच्या ह्यांनी, म्हणजे नवऱ्याने सांगायचं, तुमच्यासमोर. पत्रात ह्यांचा उल्लेख फक्त गाडी चालवण्यापुरता आहे, म्हणून विचारते, उलट्यांचं त्यांना तरी माहीत आहे का? सासूबाईंना बुधवारी डॉक्टरांकडे सोबत नेता आलं तर न्या. सुनेने सांगितलेलं आणि डॉक्टरांनी सांगितलेलं यात आपल्याकडे किती फरक पडतो, तुम्हाला माहीतच आहे.

बोडक्या डोक्याचं बोलणं लागलं असणार. जुन्या काळी कोणाचं डोकं बोडकं करायचे, ते सासूबाईंच्या मनात आहे आणि तुमच्याही, म्हणून ते लागलं. पण त्यामागे त्यांची भीतीही असेल, रागच असेल असं नाही. सवाष्ण केसांवर ठरत नाही, एवढं त्यांना शांतपणे सांगा आणि तिथे थांबा. केसांसाठी सांगायचं तर मूठमूठ गळण्याची वाट पाहू नका, आताच बारीक कापून घ्या. वस्तरा नको, मशीन फिरवा, कारण पांढऱ्या पेशी कमी असताना डोक्यावर चीर नको. आत मऊ सुती कापड, वरून पदर किंवा दुपट्टा. आपल्या नागपुरात डोकं-तोंड दुपट्ट्याने गुंडाळून स्कूटीवर फिरणाऱ्या पोरी एवढ्या आहेत की रस्त्यावर तुमच्याकडे कोणी वळूनही पाहणार नाही. विग हवा असेल तर खुशाल घ्या, नको असेल तर ‘धीट’ दिसायची सक्तीही नाही. भुवयाही विरळ होऊ शकतात, हे आधीच सांगून ठेवते. केमो संपल्यावर काही आठवड्यांत नवी लव दिसू लागते.

ताटवाटीचं. कॅन्सर उष्ट्याने, स्पर्शाने, एका ताटात जेवल्याने लागत नाही. केमोनंतर साधारण ४८ तास औषधाचा अंश लघवी, शौच आणि उलटीतून जातो. तेवढ्या काळात संडासात झाकण लावून दोनदा पाणी सोडायचं, उलटी किंवा खराब कपडे दुसऱ्या कोणी उचलले तर हातमोजे घालायचे, ते कपडे वेगळे धुवायचे. बस. मुलाला जवळ घ्या. नळ सोडून उलट्या करणं बंद करा, बारावीतल्या मुलाला ते केव्हाच कळलेलं असतं, न सांगितल्याने तो जास्त भलतंसलतं मनात आणतो. त्याला एक काम द्या : रोज संध्याकाळी ताप मोजून वहीत लिहायचा.

ती वही बुधवारी डॉक्टरांसमोर ठेवायची. कोणत्या दिवशी किती उलट्या, किती पाणी गेलं, लघवी किती वेळा, शौचाला झालं का, तोंड आलं का, झोप लागली का. आठवून लिहिलं तरी चालेल. केमोनंतर पहिल्या दोन-तीन रात्री झोप उडाली असेल तर ती डेक्सामेथासोनने, बद्धकोष्ठ असेल तर ते बऱ्याचदा ऑन्डान्सेट्रॉनने. दोन्हीवर उपाय आहेत, पण विचारल्यावर मिळतात. आणि उलटीच्या गोळ्या उलटी झाल्यावर घ्यायच्या नसतात, वेळच्या वेळी, बरं वाटत असलं तरी घ्यायच्या. चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत मळमळ लांबते, म्हणून मधेच सोडू नका.

खाण्याबद्दल लोक तुम्हाला खूप सांगतील. साखर बंद केल्याने कॅन्सर उपाशी मरत नाही, पेशंट मात्र वाळतो. मुगाचं वरण-भात, भगर, ज्वारीच्या कण्या, उकडलेलं अंडं, जे जाईल ते थोडं थोडं, गार किंवा कोमट, कारण गरम अन्नाचा वास मळमळवतो. स्टीलची चव येत असेल तर काचेच्या किंवा चिनी मातीच्या भांड्यात जेवा, लाकडी चमचा वापरा. तोंड आलं असेल तर सावजीच काय, संत्रंही झोंबेल, मीठ आणि खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्याने दिवसातून चार-पाचदा चुळा भरा. केमोच्या दिवशी आवडीचं काही नेऊ नका. त्या दिवशी खाल्लेल्या पदार्थाचा पुढे तिटकारा बसतो, उगाच संत्रा बर्फी आयुष्यातून जायची. रस्त्यावरचा उसाचा रस, कापून ठेवलेली फळं, चटण्या, कच्ची कोशिंबीर सध्या नको. आंबील प्यावीशी वाटली तर तुमच्यासाठी ताजी, वेगळी काढून ठेवायला सांगा, पंगतीतल्या पातेल्यातली नको.

गुळवेलीचा काढा, गव्हांकुराचा रस, कुठलं चूर्ण, डॉक्टरांना सांगितल्याशिवाय काही नाही. गुळवेलीने यकृताला इजा झाल्याच्या केसेस मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवल्या आहेत, आणि तुमचं केमोचं औषध त्याच यकृतातून जातं.

ज्यांची केमो एप्रिल-मेमध्ये आहे त्यांच्यासाठी एक : ४५ अंशांत उलट्या झाल्या की अंगातलं पाणी झपाट्याने जातं, म्हणून मीठ-साखरेचं पाणी उशाशी हवं. कूलरची टाकी दर दोन-तीन दिवसांनी घासून धुवा, गवताच्या जाळ्या जुन्या असतील तर बदला. बुरशीचा वास येणारा कूलर केमोच्या पेशंटच्या खोलीत नको.

पैशाचं तुम्ही लिहिलं नाही, पण इतरांना उपयोग होईल. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत केमो बसते, आता वर्षाला कुटुंबामागे ५ लाख रुपयांपर्यंत. तुकडोजी, जामठा, मेडिकल, एम्स, नागपुरातल्या ज्या हॉस्पिटलात उपचार सुरू असतील तिथे रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन योजनेच्या मदतनीसाला, ‘आरोग्यमित्रा’ला भेटा, आणि ते पहिलं बिल भरायच्या आधी.

बुधवारी आणखी एक विचारा : पांढऱ्या पेशी वाढवण्याचं इंजेक्शन मला द्यायचं आहे का? देणार असतील तर ते केमोनंतर दुसऱ्या दिवशी पोटात किंवा दंडात टोचतात, हाडं ठणकतात, पण पेशी खाली राहण्याचे दिवस कमी होतात. महालक्ष्म्यांची तारीखही त्यांना सांगून टाका.

आणि ताप. १००.४ फॅरनहाइट किंवा त्यावर गेला, किंवा ताप नसतानाही हुडहुडी भरली, तर क्रोसिन घेऊन वाट पाहायची नाही, ‘व्हायरल आहे, सगळ्यांनाच होऊन राहिलं’ म्हणायचं नाही. फाइल उचलायची आणि कॅज्युअल्टीत जाऊन पहिलं वाक्य सांगायचं : केमो सुरू आहे, आज अमुकवा दिवस. अशा पेशंटला अँटिबायोटिक तासाभरात सुरू व्हावं लागतं. हॉस्पिटलचा रात्रीचा नंबर आजच ह्यांच्या आणि मुलाच्या मोबाइलमध्ये घालून ठेवा. जेवणाच्या शुक्रवारी कणकण वाटली तर पंगत उठेपर्यंत थांबू नका, ह्यांनी गाडी काढावी, वाढायला जाऊबाई आहेत.